जिवंत तारेची पाटी

सोमवारी दुपारी गिरणीचा तीनचा भोंगा वाजला की बाळीवेशीबाहेरच्या सुताच्या जुन्या गोदामापुढे चपलांचा खच पडायचा. पाळी सुटलेले कामगार अंगावरचा कापूस झटकत तसेच तिकडे वळायचे. बायका लेकरं काखेत मारून यायच्या. होटगीहून गाडीनं माणसं येत होती, आणि गेल्या सोमवारी बार्शीचा एक अडत्या खास मोटार करून आला होता म्हणे. गोदामाला खिडकी नव्हती. आत उदाचा धूर, दाटीवाटीनं बसलेली माणसं आणि भिंतीवर एकच विजेचा दिवा. त्या दिव्याखाली तारबुवा उभे असायचे.

ते स्वतःला विद्युत्प्राणानंद म्हणवून घेत. सोलापूरच्या जिभेला एवढं लांबलचक नाव पेलवेना, तेव्हा लोकांनी त्याचा तारबुवा केला. एकोणीसशे चौतीस साल ते. गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते आणि दिव्याचं बटण दाबायलासुद्धा पायांत वहाणा आहेत ना हे पाहणारी माणसं होती. अशा गावात हा गृहस्थ उघडी तार उघड्या मुठीत धरायचा.

दिव्याकडे जाणाऱ्या दोन तारा भिंतीवरून छातीच्या उंचीवर आणल्या होत्या. दोन्हींवरचं रबर वीतभर सोलून आतलं तांबं उघडं केलं होतं. एकीला भगवं फडकं बांधलेलं, दुसरीला झेंडूची माळ. माळेची तार देवीची, कडक सोवळ्यातली, तिला कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. तिचा कोप कसा असतो तेही बुवांनी पहिल्याच सोमवारी दाखवलं होतं. त्यांनी चिमट्यात धरून एक पाल दोन्ही तारांना टेकवली आणि पाल जागच्या जागी मेली. चिमटा लाकडाचा होता, इकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यानंतर बुवांनी फडक्याची तार मुठीत घट्ट धरली. दिवा जळत होता, बुवा हसत होते, आणि लोकांनी आपली अक्कल चपलांबरोबर दारातच ठेवली होती.

“बाहेरच्या खांबावर काय लिहिलंय?” बुवा विचारायचे. “मी नाही लिहिलं बाबांनो, कंपनीनं लिहिलंय. ‘सावधान. तार जिवंत आहे.’ आता मला सांगा, तांबं जिवंत असतं? मग ही तार जिवंत कशी झाली? ह्याच खांबावर निंगप्पा तारवाला चढला. चढला तेव्हा जिवंत होता, उतरवला तेव्हा मेलेला. मग मधल्यामध्ये त्याचा जीव गेला कुठं?”

“तारंत,” गर्दी म्हणायची.

“मी नाही बोललो. तुम्ही बोललात.”

मग निंगप्पा बुवांच्या तोंडून बोलायचा. पुढं पुढं तो एकटाच येईना, इतरांचे मेलेले बाप, सासवा, भाऊ यांनाही सोबत आणू लागला. कचेरीत जशी ओळखीशिवाय कामं होत नाहीत तशीच ती तारेतही होत नसावीत. सगळ्यांचे मेलेले आप्त निंगप्पाच्या ओळखीनं यायचे आणि सगळेच सांगायचे, आमी हितं बरे हाय.

दाराजवळ, सगळ्यांच्या मागं, विरुपाक्ष मास्तर उभे असत. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. ते टवाळी करायला येतात असा लोकांचा समज होता आणि मास्तरांनीही तो मोडला नव्हता. पण माणूस दर सोमवारी नुसत्या टवाळीसाठी तासभर उभा राहत नाही. खांबावरची ती पाटी मास्तरांनी लिहिली होती.

झालं होतं ते असं. कंपनीच्या साहेबाला खांबांवर लावायला इंग्रजी इशाऱ्याचं मराठी हवं होतं. कुणीतरी विरुपाक्ष मास्तरांचं नाव सांगितलं. इंग्रजीत वीज खेळत असलेल्या तारेला ‘लाइव्ह’ म्हणतात. मास्तरांनी दोन दिवस विचार केला, कोश उघडला, मिटला, आणि शब्द काढला ‘जिवंत’. मूळ शब्दाशी तंतोतंत. साहेबानं चहा पाजला. मास्तर घरी आले तेव्हा हा शब्द कुणाला तरी सांगावा असं त्यांना फार वाटलं, पण घरात सांगायला कुणी नव्हतं. बायकोला, मल्लव्वाला, जाऊन सात वर्षं झाली होती. त्यांनी दोन भाकऱ्या थापल्या, शेंगांच्या चटणीशी खाल्ल्या आणि निजले.

पाटी ठोकायला निंगप्पाच आला होता. तरणाबांड, हसऱ्या तोंडाचा. खिळा दातात धरूनच तो म्हणाला होता, “मास्तर, आमी तारवाले हिला गरम तार म्हंतो. दुसरी ती थंडी. जिवंत कशापायी?”

“गरम हा अडाणी शब्द आहे, निंगप्पा. तार काय तापते का? शास्त्रात लाइव्ह म्हणतात. लाइव्ह म्हणजे जिवंत.”

“तुमी शिकल्यालं मानूस,” निंगप्पा म्हणाला होता आणि त्यानं खिळा ठोकला होता.

पुढं आठ महिन्यांनी त्याच खांबावर तो गेला. बंद आहे असं समजून त्यानं चालू तारेला हात घातला. त्यात पाटीचा काही दोष नव्हता, पण त्यानंतर जे चाललं होतं ते सगळं पाटीतूनच निघालं होतं. मास्तरांनी आपल्याच हातानं बुवाला तांदूळ निवडून दिले होते, बुवानं त्याचा भात शिजवला.

आणि तो भात नागव्वाच्या पानात पडत होता. नागव्वा ही निंगप्पाची बायको, पंचविशीची, मूलबाळ नसलेली. दर सोमवारी ती सगळ्यांत पुढं बसायची. नवरा मेलेला नाही, तारेत आहे, तेव्हा कुंकू पुसायचं नाही, असं बुवांनी तिला बजावलं होतं. बायकांनी तिच्या हातांत हिरवा चुडा भरला होता. सोमवारी लोक तिच्या पाया पडत. मंगळवारी तिच्याशी कुणी बोलत नसे, कारण जिचा नवरा ना धड मेलेला ना धड जिवंत, अशा बाईशी बोलायचं तरी काय? तिला विधवा म्हणून कुणी जवळ घेतलं नाही, आणि सवाष्ण म्हणून हळदीकुंकवालाही बोलावलं नाही. मास्तर संध्याकाळी फिरायला जात तेव्हा ती खांबाशी बसलेली दिसे. खांबाला कान लावून.

खोटं कशाला सांगा, एका सोमवारी खुद्द मास्तरांच्याही गळ्याशी प्रश्न आला होता. ‘मल्लव्वा आहे का रे तिकडे?’ एवढंच. सोनाबाई नावाची शेजारीण त्यांच्यापुढंच आपल्या मेलेल्या बहिणीशी बोलून डोळे पुसत आली, तेव्हा मास्तरांचा पाय एक पाऊल पुढं पडला. मग ते तडक बाहेर पडले आणि घरी जाईपर्यंत मान खाली घालून चालले.

त्याच संध्याकाळी त्यांनी तिप्पण्णाचं घर गाठलं. तिप्पण्णा निंगप्पाच्या जोडीचा तारवाला.

“तिप्पण्णा, बुवाला झटका का बसत नाही रे?”

तिप्पण्णा खाली बघत म्हणाला, “बसंल कसा मास्तर? त्यो थंडी तार धरतोय की.”

“म्हणजे?”

“दिव्याला तारा दोन लागत्यात. गरम तारंतनं वीज येती, थंडीतनं माघारी जाती. ती थंडी तार तिकडं पावरहौसात जमिनीत पुरल्याली असती. ती आन् जमीन एकच. आपनबी जमिनीवरच हुबं. मग झटका कुठनं बसनार? साहेब लोक तिला न्यूट्रल म्हंत्यात. म्हंजे ना हिकडची ना तिकडची.”

“मग मीही धरू शकतो?”

“धरू नका. जोडनाऱ्यानं उलटी जोडली तर थंडीची गरम हुती. निंगप्पा आन् मी, थंडी म्हनून चिंधी बांधल्याली तारबी आदी दिवा लावून बघायचो. त्या दिवशी तेवडं ऱ्हायलं.” त्यानं पक्कड पिशवीत टाकली. “बुवानं कुठंतरी वायरमनच्या हाताखाली काम केल्यालं असनार. त्याला बरोबर ठाव हाय.”

“आणि तुला माहीत असून तू गप्प?”

“मी काय सांगू मास्तर? नागव्वाच्या तोंडावर जाऊन म्हनू, की तुजा नवरा तारंत न्हाय? एवडं तरी तिला हाय. ते काढून घेतलं तर तिला काय देऊ?”

मास्तर तसेच घरी परतले. दोन सोमवार तेही गप्प राहिले. भल्याभल्यांची बुद्धी इथं येऊनच पांगळी होते. लबाडाचं तोंड बंद करायला आपण भीत नाही, पण दुखावलेल्या माणसाच्या हातातली खोटी काडी काढून घ्यायला हात धजत नाही. बुवा लोकांचा सगळा धंदा आपल्या या भल्या संकोचावर चालतो.

तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी नागव्वाच मास्तरांच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच बसली.

“मास्तर, ती पाटी तुमी लिवली म्हंत्यात. व्हय का?”

“हो.”

“मग येक इचारते. बुवांनी सोमवारी मला तार धराय दिली. फडक्याची. डोक्यावर हात ठिवून म्हनले, आला बग निंगप्पा. मला कायबी झालं न्हाय. नुसती गार तार. लोक म्हनले, भाग्याची हाय. मी घरी येऊन लई रडले. म्हनलं, मी हात धरला तरी यानी वळखलं न्हाय.”

मास्तर उंबऱ्याशी येऊन बसले.

“मग इचार केला. तारा दोन हायेत. फडक्याची धरून मला कायबी झालं न्हाय, म्हंजे पाल मेली ती माळंच्या तारंनं, आन् ज्या तारंनं यास्नी न्हेलं तीबी तसलीच आसनार. म्हंजे हे फडक्याच्या तारंत न्हाईत, माळंच्या तारंत हायेत. बुवा चुकले. येत्या सोमवारी मी माळंची तार धरनार. आदी तुमाला इचारावं म्हनलं. तुमीच लिवलंय नव्हं. कोनती तार जिवंत?”

 भरल्या गोदामात शेकडो माणसं बसत होती, अडते, मुकादम, कारकून. त्यांतल्या एकानंही दोन तारा का आहेत हे विचारलं नव्हतं. विचार केला तो हिनंच, आणि पायरी पायरीनं बरोबर केला. फक्त पहिली पायरी खोटी होती. ती मास्तरांनी बांधून दिली होती.

“नागव्वा, कुठलीच तार जिवंत नाही. तो शब्द चुकला. माझा चुकला.”

“कंपनीच्या पाटीवर चुकीचं कसं असंल?”

“मी चुकीचं लिहिलं म्हणून. ती तार धरलीस तर मरशील.”

“यांच्यापाशी जाईन नव्हं,” ती शांतपणे म्हणाली आणि उठून गेली.

सोमवारी मास्तर दाराजवळ उभे राहिले नाहीत. माणसांच्या पायांतून वाट काढत ते पुढं जाऊन बसले. तिप्पण्णाला त्यांनी मीटरच्या फळीपाशी उभं केलं होतं, चिनी मातीच्या फ्यूजवर हात ठेवून. ती खुंटी ओढली की गोदामाची वीज बंद.

बुवा रंगात आले होते. “भाविकहो, आज निंगप्पा फार प्रसन्न आहे. म्हणतो, नागव्वेला सांगा, चुडा वाढवू नको...”

नागव्वा उठली. तिनं बुवांकडं पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचून ती सरळ झेंडूच्या माळेकडं चालू लागली आणि तिनं हात पुढं केला.

“अगं ए बये, मरशील की,” बुवा ओरडले. विद्युत्प्राणानंदांचा घनगंभीर आवाज कुठल्या कुठं गेला. “धरा तिला कुनीतरी. गरम हाय ती.”

त्याच क्षणी दिवा विझला. गोदामात काळोख झाला, एक पोर रडू लागलं. आणि त्या काळोखात नागव्वाचा आवाज आला. ती कुणाशीच बोलत नव्हती.

“न्हाय. हितंबी न्हाईत.”

कुणीतरी दाराचं दुसरं फळकूट उघडलं. उजेड आत आला तेव्हा ती तार मुठीत धरून उभी होती. तिप्पण्णा फळीजवळून म्हणाला, “वैनी, सोडा ती. मी वीज बंद केलीया. म्हनून वाचलासा.”

मास्तर उठले. चाळीस वर्षं वर्गात बोललेला आवाज, त्याला गोदाम काही मोठं नव्हतं.

“बुवा, तुम्ही आता काय म्हणालात? मरशील. का बरं मरेल? तारेत तिचा नवरा आहे ना? नवरा बायकोला मारेल?”

बुवा म्हणाले, “ती देवीची तार...”

“तुम्ही गरम म्हणालात. हा देवाचा शब्द नव्हे, तारवाल्यांचा आहे. तिप्पण्णा, दाखव.”

तिप्पण्णानं पिशवीतून एक दिवा काढला. त्याच्या बुडातून दोन तारा लोंबत होत्या. एक त्यानं दाराबाहेरच्या पाण्याच्या नळाला गुंडाळली. “नळ जमिनीत गेल्याला हाय,” तो म्हणाला. त्यानं फ्यूज परत बसवला, आणि दिव्याची दुसरी तार भगव्या फडक्याच्या तारेला लावली. दिवा लागला नाही. मग तीच तार त्यानं झेंडूच्या माळेखाली टेकवली. दिवा लख्ख पेटला.

त्यानं पुन्हा फडक्याला लावली, विझला. माळेला लावली, पेटला. असं त्यानं पाच वेळा केलं. तिसऱ्या वेळेपासून मागची पोरं आधीच सांगू लागली, आता पेटनार, आता न्हाय.

“हे एवढंच आहे,” मास्तर म्हणाले. “एका तारेतून वीज येते, ती मारते. दुसरी जमिनीला बांधलेली, तिला हात लावला तर जमिनीला हात लावल्यासारखं. बुवा तुमच्यासमोर जमीन धरून उभे राहत होते. त्यांना म्हणावं, माळेची तार धरा. आम्ही सगळे पाया पडू.”

सोनाबाई म्हणाली, “धरा की महाराज. माजी भैन तुमच्या तोंडानं बोलली हुती नव्हं? धरा.”

बुवा माळेकडं बघत राहिले. मग खडावा घालायचं विसरून दाराकडं निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही, कुणी मारलंही नाही. मास्तरांनी हातानंच लोकांना आवरलं होतं. बुवा गेल्यावर माणसं जागची हलेनात. फसवणूक उघडी पडली की लोक हसतात असं म्हणतात. इथं कुणी हसलं नाही. प्रत्येकाचं कुणी ना कुणी आज दुसऱ्यांदा मेलं होतं.

“ऐका,” मास्तर म्हणाले. “बुवानं तुम्हाला फसवलं, पण त्याला शब्द मी दिला. मी शिकलेला, म्हणून माझं लिहिलेलं तुम्ही खरं मानलं. ते मानू नका. पाटीवर असो, पोथीत असो, साहेबानं लिहिलेलं असो, विचारा. हे कसं कळलं? दाखवा. दुसऱ्यांदा दाखवा. नागव्वानं दोन तारा का ते विचारलं. तुमच्या-माझ्यात आज तेवढी एकच शहाणी निघाली, आणि एकटी पडली म्हणून मरता मरता वाचली. यापुढं कुणाला एकटीनं विचार करायला लावू नका.”

नवी पाटी रंगवायला साहेबानं फारशी खळखळ न करता परवानगी दिली. गुरुवारी सकाळी मास्तर रंगाचा डबा घेऊन खांबापाशी गेले तर नागव्वा तिथं बसलेली होती. कान मात्र खांबाला लावलेला नव्हता.

“मास्तर, ती थंडी तार जमिनीत जाती म्हनला तुमी.”

“हो.”

“आमी यास्नी जमिनीतच ठिवलंय. बसवून, आमच्या लिंगायतांच्या रीतीनं.”

मास्तरांना कळलं ती काय विचारते आहे. नुसती मान हलवली असती तरी तिला पुरलं असतं. जमीन एकच, तारही तिथं आणि तोही तिथं. किती गोड वाक्य झालं असतं. ते त्यांच्या ओठांवर आलं होतं, आणि खरं तर त्यांना स्वतःलाही ते हवं होतं, कारण मल्लव्वाही त्याच जमिनीत होती. पण एका गोड शब्दाचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

“नाही, नागव्वा,” ते म्हणाले. “तिथंही नाही. तो कुठंच नाही.”

ती बराच वेळ रडली. मास्तर रंगाचा डबा बाजूला ठेवून तिच्याशेजारी मातीत बसले. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. सोनाबाई घागर घेऊन चालली होती, तिनं घागर खाली ठेवली आणि नागव्वाला जवळ घेतलं. नवरा जाऊन पाच महिने झाले होते, आणि तिला मेलेल्या नवऱ्यासाठी कुणी जवळ घेण्याची ही पहिलीच वेळ होती.

“आता ह्ये कुंकू?” तिनं विचारलं.

“लावावंसं वाटलं तर लाव, नसेल तर नको. त्याला तारेचा दाखला लागत नाही.”

मग मास्तर उठले. त्यांनी जुन्या अक्षरांवर काळा रंग फिरवला आणि कुंचला हातात घेऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी कोश उघडला नव्हता.

“काय लिहू?”

नागव्वानं पदरानं तोंड पुसलं. वरच्या तारांकडं पाहिलं. पहिल्यांदाच ती त्यांच्याकडं नुसत्या तारांकडं बघावं तशी बघत होती.

“लिवा,” ती म्हणाली, “गरम तार. हात लावू नका.” मग तिनं पुढचं सांगितलं. “मानूस मरतो.”

मास्तरांनी तिचेच शब्द तसेच्या तसे लिहिले.